श्वासापुढे मानपान कसला?

तालुक्याच्या रुग्णालयात मध्यरात्री अडलेली बाळंतीण येते. तातडीने सिझेरियन करावे लागणार. पोट भरलेले, रक्तदाब वाढलेला, घशाला सूज. पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल देता आली तर घशाला हात लावायची गरजच नाही. पण रक्तस्राव मोठा असेल, वेळच नसेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते. आणि मग श्वासनलिकेत नळी गेलीच नाही तर? प्राणवायूविना मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात.

‘आमच्याकडे साधने नाहीत’ हे उत्तर ठरलेले. ते खोटे नाही. महागडा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप सगळीकडे नसतो. पण जीव वाचवणाऱ्या अनेक गोष्टी साध्याच आहेत. भूल देण्यापूर्वी तीन मिनिटे मास्कमधून प्राणवायू, डोक्याखाली उंच आधार, नळीला वाट दाखवणारी लवचिक बूजी, घशात बसवायचा लॅरिंजियल मास्क. हे सारे हरले तर गळ्याला पुढून छेद देऊन नळी घालायची. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या सूचनांनुसार त्यासाठी चाकू, बूजी आणि ६ क्रमांकाची नळी एवढेच लागते.

मग केवळ साधने असली म्हणजे भागते का? २००५ साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली यांच्यावर सायनसची साधी शस्त्रक्रिया होणार होती. नळी जाईना. अनुभवी डॉक्टर हजर होते, सामग्री होती. परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचा संच आणून तसे सांगितलेही. डॉक्टर मात्र नळीचाच प्रयत्न करत राहिले. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. वैमानिक असलेल्या त्यांच्या पतीने पुढे हाच प्रश्न लावून धरला: धोका दिसत असूनही खालच्याचा आवाज वरच्यापर्यंत का पोहोचत नाही?

उतरंड म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शस्त्रक्रियागृहातली उतरंडही माणसे मारते.

वेळेवर तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शस्त्रक्रियागृहात हा संच भरून, हाताशी ठेवा. भूल देण्यापूर्वी ‘नळी गेली नाही तर काय करायचे’ हे सर्वांसमोर मोठ्याने ठरवा. आणि ‘साहेब, आता थांबा, छेद द्या’ असे म्हणण्याचा अधिकार परिचारिकेलाही द्या. या अधिकाराला एक पैसाही लागत नाही. मग तो अजून का अडला आहे?