शिस्त आणि शील : सातारा-सांगली परिसरातील वसतिगृहे
साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८४९ मध्ये झाले. सांगलीत पुढे प्रेसबिटेरियन मिशनने कार्य केले. मिशनच्या वसतिशाळांत प्रार्थना, अभ्यास व हातकाम यांनी दिवस बांधलेला असे; जातिभेद पाळणे मिशनच्या तत्त्वास मान्य नव्हते. नियमित आचरणातून शील घडते, हे त्यामागील गृहीत होय. मात्र नियमपालन व शील यांत विरोधही संभवतो. त्याचे उदाहरण ख्रिस्ती शाळेतील नाही, तरी ते याच प्रदेशातील आहे. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास भाऊराव पाटील गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून जैन वसतिगृहातून त्यांना काढण्यात आले. नियमाच्या दृष्टीने शिक्षा रास्तच! त्यांनीच १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले तेथे स्वयंपाकादी कामे स्वतः करीत व एकत्र जेवत. श्रमाची शिस्त येथेही होतीच. पण पंक्तिभेदास जागा नव्हती, आणि कोल्हापुरात जो शिस्तभंग ठरला होता तो येथे नित्याचा दिनक्रम झाला.