दुखणे बाईचे, उपाय पाल्याचा

वेदनेवर पर्यायी उपचार घेण्यात स्त्रिया पुरुषांच्या पुढे असतात, असे देशोदेशींच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. याचा अर्थ मात्र फार घाईने लावला जातो. स्त्रिया भोळ्या, परंपरेला धरून राहणाऱ्या, म्हणून त्या पाल्यामुळ्यांकडे वळतात, असे सुशिक्षितही सहज बोलून जातात. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही.

पेडणे-डिचोलीतला नित्याचा व्यवहार पाहावा. खनिजाचा ट्रक हाकणाऱ्याची कंबर धरली की त्याचा रोज बुडतो. मग त्याला डॉक्टरकडे वा हाडवैद्याकडे नेण्यास सारे घर उठते. भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या, काजूच्या हंगामात डोंगरावर बोंडू वेचणाऱ्या बाईची कंबर धरली, तरी ती संध्याकाळी चुलीपुढे बसतेच. तिच्या घरकामाची नोंद कोणत्याच वहीत नसल्याने तिच्या वेदनेचीही नसते. तिच्या वाट्याला येतो तो निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि ओव्याची पुरचुंडी. हे उपाय तिने पारखून निवडलेले नसतात. काम न सोडता करता येण्याजोगे तेवढेच असतात.

गोव्यातील 2262 स्त्रियांच्या पाळीच्या वेदनांची पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ही वेदना होत असल्याचे सांगितले. कोणी विचारले, म्हणून त्यांनी सांगितले, हे ध्यानात घ्यावे.

घरगुती उपायांची हेटाळणी आम्ही करणार नाही. उबेने आखडलेला स्नायू सैल होतो, हे खरेच आहे. परंतु संधिवात किंवा गर्भाशयाचा विकार त्याच शेकाखाली वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. शिवाय वेदनाशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड वा शिसे आढळल्याची उदाहरणे आहेत.

पेडणे तालुक्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले. पाल्यामुळ्यांच्या परंपरेला शास्त्राची कसोटी लावू शकणारी संस्था दाराशी आली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु धारगळ गाठण्यासाठी लागणारा मोकळा दिवस खेड्यातल्या बाईपाशी कुठून यावा? या संस्थेने आणि सरकारी आरोग्य केंद्रांनी मिळून वाड्यावाड्यांवर, लावणी-कापणीचे दिवस टाळून, तपासणी शिबिरे भरवावीत. आयुर्वेद की अ‍ॅलोपॅथी, हा वाद तेथे नको. आधी निदान व्हावे, मग उपचार ठरावा.

सरकारला एवढे सांगितले, तरी घरातल्या पुरुषांचे कर्तव्य उरतेच. बाई तपासणीस जाईल त्या दिवशी चूल त्यांनी सांभाळावी.