उभ्या गाडीची झीज
लेखमाला : ट्रकचं पोट – भाग ५

दिवाळीच्या सुमारास पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत आंबिया बहाराची तोड सुरू असते आणि नागपूर–बैतूल रस्त्यावर रात्रीच्या ट्रकांची गर्दी वाढते. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झालेल्या या पट्ट्यात संत्रा, कापूस, मका, बोरगावच्या कारखान्यांचा माल असं सगळंच ट्रकच्या जिवावर हलतं. भरतीची वाट बघत किंवा ढाब्यावर रात्र काढत उभ्या असलेल्या या गाड्यांपैकी काहींची इंजिनं पहाटेपर्यंत घुरघुरत असतात. ड्रायव्हरला विचारलं, तर उत्तर ठरलेलं : "बंद केली अन् पहाटे सेल्फच नाही मारला तं? चालू राहिली तं काय बिघडते, उभीच तं आहे!"

सेल्फ आणि बॅटरी आपण मागच्या भागात पाहिली. आता ‘काय बिघडते’ ते पाहू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-सतरा पटींनी दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. म्हणजे या इंजिनाचा सगळा कारभार उष्णतेवर चालतो, आणि ती टिकते ओझं ओढल्यावर. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सहाशे-सातशे फेरे मारतं, पण ओढायला काही नसतं. डिझेलची धार बारीक, सिलिंडर थंडावलेला. ओल्या लाकडाच्या चुलीसारखी गत होते : जाळ कमी, धूर जास्त.

न जळलेल्या डिझेलचं पुढे काय होतं? पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घट्ट चिकटतात त्या मुख्यतः मागून येणाऱ्या वायूच्या दाबामुळे. रिकाम्या इंजिनात हा दाबच कमी, म्हणून रिंगा सैल बसतात आणि त्यांच्या कडेने डिझेल खाली ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल पातळ होतं. त्यातच इतक्या कमी फेऱ्यांवर ऑइल पंपाचा दाबही सगळ्यात कमी असतो. जळताना तयार झालेली वाफ थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, काजळी रिंगांच्या खाचांत आणि नोजलच्या तोंडावर बसते. लायनरवर ऑइल धरून ठेवण्यासाठी आडव्या-तिरप्या बारीक रेषा कोरलेल्या असतात. त्या चिकट थराने बुजल्या की लायनर गुळगुळीत होतो. मग गाडी ऑइल पिऊ लागते आणि चढावर ताकद सोडते.

‘रोज चालू करण्याने झीज होते’ असाही युक्तिवाद केला जातो, आणि तो खोटा नाही. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं आणि सुरुवातीचे काही सेकंद धातूवर धातू जास्त घासतो. पण इकडे काही सेकंद आहेत, तिकडे आठ तास. ताफे सांभाळणारे लोक साधा ठोकताळा धरतात : रिकाम्या इंजिनाचा एक तास म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर चालल्याइतकी झीज. या हिशेबाने एका रात्रीत गाडी जागची न हलता जवळपास नागपूर ते भोपाळ एवढं अंतर चालते. मीटरवर मात्र एक किलोमीटरही दिसत नाही, म्हणून ऑइल बदलण्याची वेळ आली हेही कळत नाही.

आता थंडीची भीती. लडाखसारख्या ठिकाणी डिझेलमधलं मेण गोठतं, हे खरं. त्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. पण आपल्याकडे हिवाळ्यात मिळणाऱ्या साध्या डिझेललाही भारतीय मानकानुसार ३ अंशांपर्यंत वाहतं राहावं लागतं. सातपुड्याच्या या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहापर्यंत उतरतो. तेवढ्यात डिझेल गोठत नाही. गाडी लागत नसेल, तर दोष थंडीचा नाही. बॅटरी, सेल्फ किंवा डिझेलच्या लाइनीत शिरणाऱ्या हवेचा आहे.

जुन्या टाटा ६९७ इंजिनाने असे बरेच लाड सोसले. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या ते सोसत नाहीत. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते आणि युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा असते. साठलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, युरियाची फवारणीदेखील दोनशेच्या वर गेल्यावरच नीट चालते. उभ्या गाडीचा धूर दोनशेच्याही खालीच राहतो. परिणामी जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ओढेनाशी होते.

इंजिन चालू ठेवायची एक वेळ मात्र खरी आहे. सौंसरकडून छिंदवाड्याला जाताना सिलेवानीचा घाट भरल्या गाडीने चढल्यावर टर्बो लालबुंद तापलेला असतो. तिथे एकदम चावी फिरवली, तर ऑइल थांबतं आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये जळून त्याचा कोळसा होतो. तीन ते पाच मिनिटं इंजिन हळू फिरू द्यावं, मग बंद करावं. तसंच पहाटे ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत थांबावं. हिशेब मिनिटांचा आहे, रात्रीचा नाही.

पैशांचं गणित तर सरळ आहे. ताशी दीड लिटर धरलं, तर आठ तासांत बारा लिटर, लिटरमागे नव्वद रुपयांनी हजाराच्या वर. आठवड्यात तीन रात्री अशा गेल्या, तर काही महिन्यांतच चांगल्या बॅटरीच्या जोडीचे पैसे धुरात जातात. शिवाय बंद केबिनमध्ये चालू इंजिनावर झोपणं जिवावर बेतू शकतं. गळक्या सायलेन्सरमधून आत येणाऱ्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. डिझेलचा धूर कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे.

प्रश्न आता वाढणार आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. निर्णय योग्यच, पण मे महिन्यात सौंसरच्या रात्री ड्रायव्हर एसी बंद करून झोपेल, ही अपेक्षा चुकीची. कॅलिफोर्नियात झोपायची केबिन असलेल्या ट्रकांनाही उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला २००८ पासून पाच मिनिटांची मर्यादा आहे, पण तिथे बॅटरीवर चालणारा वेगळा एसी मिळतो. आपल्याकडेही तोच रस्ता आहे.

आपल्या गाडीची तपासणी घरीच करता येते. डिपस्टिक काढा, एक थेंब जाड टिपकागदावर सोडा आणि तासाभराने पाहा. मधला काळा डाग दाट असेल, तर काजळी. कडेला फिकट तेलकट वलय पसरलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरलं. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ऑइल लगेच बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत.

ड्रायव्हरला ‘रात्री इंजिन बंद कर’ असं बजावण्याआधी मालकाने त्याला पहाटे हमखास मारणारा सेल्फ, दमदार बॅटरी आणि केबिनमध्ये पंखा किंवा बॅटरीवरचा एसी द्यावा. तेवढं मिळाल्यावर इंजिन रात्रभर चालू ठेवायला ड्रायव्हरकडे कारण उरत नाही, आणि इंजिन खोलायला मिस्त्रीकडेही.

पुढच्या आठवड्यात : युरियाचं पाणी संपल्यावर गाडी का अडते?