शाईचा रंग आणि लिखाणाचे आयुष्य

फाउंटन पेनासाठी शाई विकत घेताना बहुतेक माणसे वेष्टनावरील रंग पाहून बाटली उचलतात, आणि त्यात त्यांना बोल लावावा असेही काही नाही. कारण दुकानाच्या फळीवर रंग तेवढा दिसतो, तो रंग ज्या द्रव्यापासून उत्पन्न झाला त्या द्रव्याचा स्वभाव तेथे दिसत नाही. परंतु लिहिणाऱ्याचे हित त्या स्वभावात असते. आपण जे लिहिणार ते संध्याकाळपर्यंत टिकले म्हणजे पुरे, की आपल्या नातवंडांनी ते वाचावे अशी आपली इच्छा आहे, याचा निर्णय आधी करावा आणि मग त्या मर्यादेत आपल्या आवडीचा रंग शोधावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सोलापूरच्या बाजारात चादर घेणारी गृहिणी नक्षी पाहण्याआधी रंग पक्का की कच्चा हे विचारते. तोच प्रश्न शाईच्या दुकानात विचारण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न केवळ हौशीचा नाही. रावरंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडलेला किल्ला आणि माढेश्वरीचे देवालय ज्या गावात उभे आहे, त्या गावच्या आसपासच्या जुन्या घरांतून मोडी कागदांची बासने अजूनही निघतात. असा एखादा कागद उजेडात तिरपा धरून पाहावा. कागद तांबूस झालेला असतो, घड्यांवर विरलेला असतो, कडा कसरीने खाल्लेल्या असतात. पण अक्षर मात्र काळेभोर असते, आणि बोरूने जेथे वळण घेताना शाई अधिक सोडली तेथे तिचा किंचित उंच, चकाकणारा थर बोटाला जाणवतो. ही काजळीची शाई होय. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलून ती सिद्ध करीत, आणि काजळी म्हणजे निव्वळ कार्बन असल्यामुळे तिच्यावर उन्हाचा परिणाम होत नाही, हवेचा होत नाही, काळाचा तर मुळीच होत नाही. तिचा खरा वैरी एकच, तो म्हणजे पाणी. कारण कणांना कागदाशी धरून ठेवणारा डिंक पाण्याने सुटतो. अवर्षणाच्या या मुलुखात सनदा, करारनामे, वाटणीपत्रे आणि इनामाचे कागद सुवाच्य राहिले, त्याचे थोडे श्रेय येथल्या कोरड्या हवेलाही दिले पाहिजे. पोथ्या लिहिणारे लेखक काळ्या मजकुरात हिंगुळाच्या लाल शाईने श्लोकांक आणि अध्यायसमाप्ती रंगवीत, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा हात देऊन दुरुस्ती करीत. हिंगूळ आणि हरताळ ही दोन्ही खनिजे असल्यामुळे त्या रंगांनाही असेच दीर्घायुष्य लाभले.

मग हीच शाई फाउंटन पेनात का भरू नये? त्याचे कारण पेनाच्या रचनेत आहे. निबेखाली जी जीभ असते तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात, आणि त्या खाचांतून शाई खाली उतरते व तिच्या जागी हवा वर चढते, या देवघेवीवर पेनाचे सगळे कार्य अवलंबून असते. काजळीचे कण आणि डिंक तेथे वाळले की हा मार्ग बंद होतो. लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत आपल्या पेनाचे पेटंट मिळविले आणि पुढे असे पेन सर्वत्र रूढ झाले, तेव्हा शाईतून घन कण हद्दपार होऊन पाण्यात पूर्ण विरघळणारे रंग आले. अलीकडे अतिसूक्ष्म कार्बनकणांच्या जपानी शाया निघाल्या असून त्या फाउंटन पेनात चालतात, पण ज्याचे पेन रोज हातात असते त्यानेच त्या वापराव्या.

काजळी आणि विद्राव्य रंग यांच्या मधली एक तिसरी जात आहे, आणि टिकाऊ लिखाणाचा विचार करणाऱ्याने तिची ओळख अवश्य करून घ्यावी. हिरड्यात किंवा मायफळात जे तुरट द्रव्य असते ते हिराकसाशी, म्हणजे लोहाच्या क्षाराशी, मिळविले असता जी शाई होते ती लिहितेवेळी अगदी फिकट असते. परंतु कागदावर आल्यानंतर हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग होऊन लोहाचे जे काळे संयुग बनते ते कागदाच्या तंतूंमध्येच घट्ट बसते आणि पाण्याने निघत नाही. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तीत निळा रंग मिसळण्याची प्रथा पडली, आणि त्यातूनच निळी-काळी शाई जन्मास आली. हेन्री स्टीफन्स यांनी लंडनमध्ये १८३२ साली अशा शाईचा व्यवसाय सुरू केला. सकाळी लिहिलेली निळी ओळ दुपारी राखट आणि दुसऱ्या दिवशी काळसर झालेली पाहणे हा, ज्याला शाईची आवड आहे त्याच्या दृष्टीने, फार मोठा आनंद आहे. इंग्लंडात जन्म आणि विवाह यांच्या नोंदवह्यांसाठी याच जातीची शाई दीर्घकाळ वापरात राहिली. मात्र ही शाई आम्लधर्मी असते. साध्या पोलादी निबेला ती हळूहळू खाते, सोन्याच्या निबेला सहसा बाधत नाही, आणि पेनात वाळू दिली तर तिचा गाळ काढणे कठीण जाते. आजकाल बाटलीवर निळी-काळी असे लिहिले म्हणजे आत लोह असेलच असे नाही. पुष्कळदा तो केवळ छटेचा निर्देश असतो.

महाराष्ट्रात शाईच्या धंद्याचा उल्लेख दांडेकर बंधूंच्या नावावाचून पुरा होत नाही. दिगंबर परशुराम आणि गोविंद परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या ‘हॉर्स’ या छापाने विकण्यास आरंभ केला. पुढे त्यांचीच ‘कॅमल’ शाई घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचली. योगायोग असा की पार्करची ‘क्विंक’ ही जलद वाळणारी शाईदेखील त्याच वर्षी बाजारात आली. पूड आणि वडी यांची सोय खेड्यांना किती मोठी होती याची कल्पना आज येणे अवघड आहे. काचेची बाटली फुटते, तिचे वजन असते, तिच्या वाहतुकीला खर्च लागतो. वडी मात्र खिशातून नेता येते आणि हवी तेव्हा पाण्यात विरघळवून दौत भरता येते. पण त्यात एक न्यून होते, ते पाण्याचे. विहिरीच्या जड पाण्यातील चुन्याचे क्षार शाईत उतरत, तळाशी साका बसे, आणि एकाच छापाची वडी दोन गावी दोन छटा दाखवी.

आता निळ्या रंगाकडे वळू. शाळकरी मुलांच्या हाती जी रॉयल ब्ल्यू दिली जाते ती मुद्दामच धुऊन निघावी अशी केलेली असते, आणि सदऱ्यावर डाग पडला तर आईला साबणाने तो घालविता यावा हा तिचा गुण आहे. हाच गुण दस्तऐवजाच्या बाबतीत दोष ठरतो. ज्या रंगकुळातून ही निळी आणि बहुतेक जांभळ्या शाया येतात, त्या कुळाचे रेणू अल्काच्या संपर्काने आणि प्रखर प्रकाशाने विस्कटतात व रंगहीन होतात. याची प्रचीती घेण्यास प्रयोगशाळा नको. आपल्याजवळच्या सगळ्या शायांनी एका कोऱ्या कागदावर एकेक ओळ लिहावी, कागदाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा, आणि तो पश्चिमेच्या खिडकीच्या तावदानाला आतून चिकटवून वैशाखभर तसाच राहू द्यावा. पुठ्ठा काढल्यावर इओसिन या रंगाची पारंपरिक लाल शाई आणि धुऊन निघणारी निळी यांची उघडी बाजू बहुधा ओळखू येणार नाही इतकी फिकी पडलेली असते. मोरपंखी छटेच्या अनेक शाया मात्र, तांबेयुक्त रंगामुळे, उन्हाला चांगल्या पुरून उरतात. या मोरपंखी शायांचे दुखणे वेगळे आहे: त्या पेनाच्या अंगाला डाग पाडतात आणि वाळल्या की निब धरून बसतात.

काळ्या शाईबद्दल एक भ्रम फार पसरलेला आहे, तो असा की काळी म्हणजे पक्की. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी कापावी, तिच्या खालच्या टोकापासून थोडे वर काळ्या शाईचा ठिपका द्यावा, आणि ठिपका पाण्याबाहेर राहील अशा बेताने ते टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवावे. पाणी पट्टीतून वर चढू लागते, ठिपक्याला गाठते, आणि पाहता पाहता त्या काळ्याचे घटक एकमेकांची साथ सोडतात. एक जांभळट पट्टा मागे रेंगाळतो, निळा पुढे जातो, कधी सर्वांत वर पिवळट किनार उमटते. असा सगळा काळा रंग वाहून गेला तर ती शाई कित्येक रंगांचे मिश्रण असून ओलाव्यापुढे टिकणारी नाही असे समजावे. ठिपका, किंवा त्याचा गडद गाभा, जागचा हलला नाही तर तीत लोह, कार्बन किंवा कागदाला धरून राहणारे दुसरे काही आहे. वारसांच्या नावे लिहून ठेवायची टिपणे, खतावणी, घराण्याची माहिती, यांसाठी शाई निवडताना मी या पट्टीचा कौल वेष्टनावरील शब्दांपेक्षा अधिक मानतो.

सरकारी दप्तरात रंगाला आयुष्याखेरीज अधिकाराचाही अर्थ असतो. मूळ मजकूर निळ्या किंवा काळ्या शाईत असावा आणि वरिष्ठांचा शेरा वेगळा उठून दिसावा, ही पद्धत व्यवहाराच्या गरजेतून आलेली आहे. एकाच टिपणीवर कारकून, अव्वल कारकून आणि अधिकारी असे तीन हात फिरत असतील तर कोणते शब्द कोणाचे हे एका दृष्टिक्षेपात कळणे आवश्यक असते. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकेने हिरवी किंवा लाल शाई सहसचिव आणि त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी, तीही विरळ प्रसंगी, राखून ठेवली होती. लोकांच्या मनात मात्र हिरवी सही म्हणजे राजपत्रित अधिकाऱ्याची सही असे समीकरण बसले, आणि दाखल्याच्या नकलांवर साक्षांकन मिळवण्यासाठी ज्यांनी कचेरीचे उंबरठे झिजविले त्यांना त्या हिरव्या रंगाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तहसीलला द्यायच्या अर्जासाठी, धनादेशासाठी आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी म्हणूनच काळी किंवा गडद निळी यांच्या पलीकडे जाऊ नये. तेथे हौस अप्रस्तुत आहे. शिवाय कचेरीत गेलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स निघते, आणि फिकट आकाशी शाई झेरॉक्सच्या यंत्राला नीट दिसत नाही. मूळ प्रतीवरचे सुंदर अक्षर नकलेत पुसट होऊन येते.

रंगाचे रूप कागदावरही अवलंबून असते. स्वस्त वहीचा कागद शाई शोषून घेतो, त्याच्यावर अक्षर फुटते आणि पाठीमागे उमटते. तेथे गडद, कमी वाहणारी शाई आणि बारीक निब हाच उपाय. चांगल्या खळीच्या गुळगुळीत कागदावर तीच शाई पृष्ठावर थांबते, सावकाश वाळते, आणि जेथे अक्षराचे वळण संपते तेथे साचून गडद होते, त्यामुळे एकाच ओळीत दोन-तीन छटा दिसतात. तपकिरी, शेवाळी, वांगी अशा मध्यम रंगांची शोभा या छटांच्या खेळात आहे, आणि स्नेह्यांना पत्रे लिहिणाऱ्याने ती अवश्य अनुभवावी. पावसाळ्यात कागद हवेतील ओल घेतो आणि एरवी गुणी असलेला कागदही शाई फोडू लागतो, तेव्हा दोष शाईवर ढकलण्यापूर्वी ऋतू पाहावा.

माढ्याच्या हवामानाचे दोन परिणाम येथल्या लिहिणाऱ्याने ध्यानी घ्यावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पेनातील शाईचे पाणी उडून ती दाट होते, निळी काळपट वाटू लागते आणि आधीच गडद असलेली शाई चिकट होऊन निबेवर अडखळते. त्या दिवसांत भडक, संपृक्त रंग टाळून पातळ, मवाळ शाई घ्यावी. ड्रॉपरने भरावयाच्या मोठ्या पोटाच्या पेनांत आणखी एक संकट उद्भवते: पेन अर्ध्याहून रिकामे झाले की आतली हवा हाताच्या आणि उन्हाच्या उष्णतेने फुगते आणि शाईला बाहेर लोटते, व कागदावर टपोरा थेंब पडतो. पेन भरलेले ठेवणे आणि खिशात निब वर करून वागविणे, हा त्यावरचा इलाज आहे. दुसरा परिणाम पाण्याचा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पेन धुतले तर जिभेच्या खाचांत चुना बसतो. लोहयुक्त शाईच्या पेनाला तर ते मुळीच लावू नये. पागोळीचे स्वच्छ पाणी बाटलीत गाळून ठेवावे, नाही तर शुद्ध केलेले पाणी वापरावे, आणि रंग बदलताना पेन पाणी निर्मळ येईपर्यंत खळबळून घ्यावे.

दोन शाया मिसळून स्वतःचा रंग तयार करण्याची इच्छा लवकरच होते. एकाच कारखान्याच्या, एकाच प्रकारच्या शाया असतील तर तसे करण्यास हरकत नाही. निरनिराळ्या कारखान्यांच्या शायांची आम्लता भिन्न असू शकते, आणि आम्लधर्मी शाईत अल्कधर्मी शाई पडली की रंगाचा साका होऊन तो जिभेत अडकतो; लोहयुक्त शाई दुसऱ्या कोणत्याही शाईत कधीही ओतू नये. मिश्रण प्रथम लहान काचेच्या बाटलीत करावे, झाकण लावून आठवडाभर हलविल्यावाचून ठेवावे, आणि मग बाटली उजेडासमोर धरून अलगद कलती करावी. तळाशी गाळ सरकताना दिसला, किंवा काचेवर शेवाळासारखा पापुद्रा चढलेला आढळला, तर ते मिश्रण फेकून द्यावे आणि बाटली नीट धुऊन घेतल्यावाचून तीत पुन्हा शाई घालू नये.