भट्टीला सुट्टी नाही

भिगवणच्या आसपास सोलापूर महामार्गावरच्या ढाब्यांवर शेवटचं गिऱ्हाईक उठलं, की तंदूर सांभाळणारा पोरगा झोपण्याआधी एक काम न चुकता करतो. तंदूरच्या तळाशी राख ओढायचं जे भोक असतं, त्यात विटेचा तुकडा बसवतो आणि कडेनं चिखल थापतो. निखाऱ्यांवर राखेचा थर देतो, तोंडावर पत्रा ठेवतो आणि पत्र्यावर ओलं पोतं टाकतो. दुसऱ्या दिवशी उशिरा पत्रा उचलला तरी राखेखाली लाल निखारे सापडतात. वीट काढायची, वर थोडा कोळसा टाकायचा, की जेवणाच्या वेळेपर्यंत रोटी लागायला तंदूर तयार.

शेतावर जाणाऱ्या बायका चुलीत हेच करत. अर्धवट पेटलेली शेणी किंवा बाभळीचा जाडसा निखारा राखेत पुरायचा आणि दिवसभर खुरपायला जायचं. संध्याकाळी राख बाजूला सारून फुंकणीनं दोन फुंकरा मारल्या, की इस्तू जागा. कोळशाला ज्वाळा लागत नाही, नुसती धग पुरते, आणि धगीला हवाही फार लागत नाही. राख उष्णता आत कोंडते आणि हवा गाळून गाळून आत सोडते. थर पातळ पडला तर निखारा दुपारीच जळून जातो, जाड पडला तर गुदमरून विझतो. किती राख घालायची हे कुणी मोजून शिकवलेलं नसतं. सासूचा हात पाहून सुनेला ते येई.

त्या तंदुरातला कोळसा कुठून येतो हे पाहायचं असेल, तर महामार्ग सोडून आत जावं लागतं. बारामती आणि इंदापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने. पण सुप्याकडचा भाग, उंडवडी, इंदापूरचं कडबनवाडी, लाकडी, निंबोडी, हा सगळा जिरायती पट्टा. इथे माळरान आहे, चिंकारा आहेत, मेंढरं आहेत आणि ओढ्यांच्या कडेनं, पडीक रानात, तलावांच्या पोटात माजलेली वेडी बाभूळ आहे. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हिंदुस्थानात आणलं गेलं. शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीनं खातात, बी लेंडीतून रानभर पसरतं. तोडलं की बुडातून चौपट फुटतं. शेतकऱ्याला ते नको असतं आणि कोळशाच्या व्यापाऱ्याला हवं असतं. म्हणून रान साफ करून घ्यायचा सौदा होतो आणि दिवाळीनंतर त्या रानात पाल पडतं.

पालातली माणसं बहुतेक रायगडकडची कातकरी असतात. कर्जत, खालापूर, सुधागड, पेण या तालुक्यांतल्या वाड्यांवरून ती येतात. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून आहेत. कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीला तिसरी कातकरी. पूर्वी खैराच्या लाकडाचा काथ काढणं हा त्यांचा धंदा. जंगल हातचं गेलं, काथही गेला, आणि लाकूड ओळखणारे हात वीटभट्टीला आणि कोळशाला लागले. कोळसा पाडणारे लोणारी आपल्याकडे पिढीजात होते, बाजारात अजूनही लोक ‘लोणारी कोळसा’ म्हणूनच मागतात. पण या दोन तालुक्यांच्या माळावर मी ज्या भट्ट्या पाहिल्या, त्यांच्याभोवती रायगडचीच बोली ऐकू आली.

भट्टी लावणं हे काम दुरून सोपं वाटतं. कोयत्यानं काटे छाटायचे, कुऱ्हाडीनं खोडं तोडायची, पहारीनं बुंधे उकरायचे. वेड्या बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार जातो, त्यामुळे निम्मा वेळ काट्यांशीच झगडण्यात जातो. मग लाकूड रचायचं. जाड ओंडके मध्ये, बारीक फाटे बाहेर, मधल्या फटी काटक्यांनी बुजवलेल्या. फट राहिली की तिथे हवा खेळते आणि हवा खेळली की कोळशाऐवजी राख हाती येते. ढिगावर पाला किंवा उसाचं पाचट पसरतात आणि त्यावर ओल्या मातीचा लेप. बुडाशी हवेपुरती भोकं ठेवतात. एका तोंडातून विस्तव आत सरकवला, की खरं काम सुरू होतं आणि ते काम म्हणजे पाहत राहणं.

पहिल्यांदा निघतो तो दाट पांढरा धूर. ती लाकडातल्या पाण्याची वाफ. पाणी संपेपर्यंत लाकूड आगीची उष्णता नुसती खात असतं. आतलं तापमान पावणेतीनशे अंशांच्या आसपास गेलं, की लाकूड स्वतःच उष्णता सोडायला लागतं. मग बाहेरची आग फारशी लागत नाही. उलट आतला जोर आवरावा लागतो. धूर पिवळट, उग्र होतो, डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते. शेवटी तो विरळ आणि निळसर झाला, की त्या बाजूचं लाकूड झालं असं समजायचं आणि तिथलं भोक बुजवून दुसरीकडे पाडायचं. अशी आग ढिगात फिरवत नेतात. कुणाकडे तापमापक नसतो. धुराचा रंग, वास आणि मातीला टेकवलेला तळहात, एवढ्यावर सगळा हिशेब.

आतलं लाकूड आक्रसतं तशी वरची माती खचते, तडा जातो. तड्यातून वारा शिरला, की आत ज्वाळा उठते आणि तासा-दोन तासांत आठवड्याच्या कष्टाची राख होते. म्हणून जवळ पाण्याचं पिंप आणि भिजवलेल्या मातीचा ढीग कायम असतो. एका भट्टीवर एक वयस्क बाई ढिगाच्या कडेनं फिरत होत्या, कुदळीच्या दांड्यानं माती ठोकून आवाज ऐकत होत्या. “मावशी, रात्री कोण बघतं?” असं विचारलं. त्या म्हणाल्या, “ज्याला आधी जाग येल तो. वारा फिरला का झोपून नाय चालत.” पाल भट्टीपासून हाकेच्या अंतरावरच होतं. धुराची दिशा बदलली की सगळा धूर पालात. कोंडलेल्या आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि त्यानं डोकं जड होतं ते लोक थकव्यावर घालतात. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचा जीव याच वायूनं जातो. घरी शेगडी राखायची असेल तर ती अंगणात राखा, हे इथेच सांगून टाकतो.

भट्टी लहान असेल तर तीन-चार दिवस, मोठी असेल तर आठ-दहा दिवस चालते. एवढ्या काळात बाजारहाट असो, वाडीवरचं लग्न असो की पोराचं दुखणं असो, घरातलं कुणीतरी ढिगापाशी लागतंच. सगळी भोकं लिंपल्यावरही सुटका नाही. पूर्ण थंड व्हायच्या आत भट्टी फोडली, तर हवा लागताच कोळसा पुन्हा पेटतो. बाहेर काढल्यावरही तो दिवस-रात्र उघड्यावर पसरून ठेवतात, कारण ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून पोत्यात आपोआप तापतो आणि भरलेला ट्रक रस्त्यात पेटू शकतो. मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा सुटतो. मोबदला मात्र कोळशाच्या पोत्यावर. म्हणजे तोड, वाहतूक, रचाई, राखण आणि मधली जागरणं, सगळं त्या एका पोत्यात धरलेलं. फुटली भट्टी, तर नुकसान मजुराच्या नावावर.

या नावावर आधीच एक आकडा असतो. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादम वाडीवर येऊन उचल देतो. शिमग्यानंतर हिशेब होतो तेव्हा उचलीतून पोती वजा होतात, किराणा वजा होतो, आणि पुष्कळदा बाकी उरते ती पुढच्या दिवाळीपर्यंत. हिशेबाची वही मुकादमाकडे. पोरं शाळेच्या हजेरीपटावर रायगडात आणि प्रत्यक्षात इंदापूरच्या माळावर, पोत्यांची तोंडं शिवताना. कोळसा पाडण्याइतकं नाजूक, अंदाजाचं काम करणाऱ्याला आपण ‘अकुशल मजूर’ म्हणतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

उचलीपोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणं १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे आणि तसं कर्ज कायद्यानंच रद्द ठरतं. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी, असं हाच कायदा सांगतो. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बारामतीच्या प्रांत कार्यालयाखाली येतात. समितीच्या लोकांनी तक्रार यायची वाट न बघता दिवाळी ते शिमगा या काळात माळावर फेरी मारावी, मुकादमाची वही मागून बघावी. भट्ट्या शोधायला त्रास पडणार नाही, धूर लांबून दिसतो.