निर्वासितांना आश्रय

युद्ध, दंगल किंवा जुलूम यांमुळे ज्यांना घरदार सोडावे लागते, त्यांचे दोन प्रकार मानले जातात. देशाची सीमा ओलांडून परक्या भूमीत आश्रय घेणारे ते निर्वासित. स्वदेशातच एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे ज्यांना भाग पडते, ते विस्थापित. कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे; परंतु भूक आणि भय दोघांचेही सारखेच असते. मराठवाड्याच्या इतिहासात या गोष्टीचा प्रत्यय येतो.

जालना जिल्ह्यातील मंठा हे गाव 1947 साली परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथून उत्तरेस गेले, की वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा लागतो. लोणारचे प्रसिद्ध सरोवर तेथेच आहे. ही सीमा नकाशावर साधी रेघ दिसे. परंतु रेघेच्या पलीकडे स्वतंत्र भारत होता, आणि अलीकडे निजामाची राजवट. निजामाने भारतात विलीन होण्याचे नाकारले, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा आरंभिला. तो चिरडण्यासाठी कासिम रझवी याच्या सशस्त्र रझाकारांनी गावोगावी अत्याचार केले. तेव्हा मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे सोलापूर जिल्ह्यापासून वऱ्हाडापर्यंत सीमेपलीकडील गावांत आश्रयास गेली.

अशी माणसे एखाद्या गावी येऊन उतरली, म्हणजे साहाय्याचे काम कोठून सुरू करावे? प्रथम पाणी हवे. कारण गर्दीत दूषित पाण्यामुळे पटकीसारखे रोग झपाट्याने पसरतात. त्यानंतर धान्य, निवारा, शौचकूप आणि औषधोपचार. प्रत्येकाचे नाव नोंदून घेणेही तितकेच आवश्यक असते. नोंद असली, तर धान्य सर्वांस सारखे मिळते आणि ताटातूट झालेल्या मुलांस आईबाप सापडतात. मुक्काम लांबला, तर मुलांसाठी शाळा आणि मोठ्यांसाठी काम पाहावे लागते. कारण केवळ दुसऱ्याच्या दानावर जगणे कोणासही आवडत नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याने कारवाई सुरू केली व 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. अनेकांस घरी परतण्याचा मार्ग मोकळा झाला. पण दुःख तेथेच संपले नाही. सूडाच्या भरात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर हल्ले झाले, आणि आता त्यांना घरे सोडून पळावे लागले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात फिरून पाहणी केली. या काळात किमान 27,000 ते 40,000 माणसे प्राणास मुकली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्याच समितीने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले, आणि ते करताना काहींनी स्वतःचे प्राणही वेचले.

पुढे 1951 साली जगातील अनेक राष्ट्रांनी निर्वासितांविषयी एक करार केला. ज्या भूमीत जीवितास किंवा स्वातंत्र्यास धोका आहे, तेथे निर्वासितास परत धाडू नये, हे त्याचे मुख्य तत्त्व. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तरीही 1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांस त्याने आश्रय दिला.

आश्रयाला आलेल्या माणसाचा धर्म कोणता, तो कोणत्या पक्षाचा, हे प्रश्न साहाय्य करणाऱ्याने विचारावयाचे नसतात. काल ज्यांनी आश्रय दिला, त्यांच्यावर उद्या आश्रय मागण्याची पाळी येऊ शकते. हे ज्याने ओळखले, त्याच्या दारातून तहानलेला माणूस विन्मुख जात नाही.

स्वाध्याय
1. निर्वासित व विस्थापित यांत कोणता भेद आहे?
2. आश्रयास आलेल्या माणसांची नोंद का करावी लागते?
3. विणकरांच्या वर्तनातून आपण काय शिकावे?