टोमणे ऐकूनही वाट सोडली नाही

मैत्रिणींनो, शहापूर-मुरबाडच्या गटांतल्या काही ख्रिस्ती बहिणी आम्हाला विचारतात, "लोक हसतात, मग टिकायचं कसं?" पंडिता रमाबाई टिकल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ ला विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात नेलं. मुली ख्रिस्ती होतील म्हणून वर्तमानपत्रांनी झोड उठवली. १८९३ मध्ये पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना प्रार्थना सोडली, ना सदन. दुष्काळात शेकडो निराधार मुलींना केडगावला आणून हाताला काम दिलं. हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं.

टोमण्याला त्यांनी कामानं उत्तर दिलं. आपणही तेच करू. आणि गटातल्या कुठल्याच बहिणीच्या प्रार्थनेला हसायचं नाही, हेही ठरवू.